पेपर रोज वाचता, पण परीक्षेत उपयोगी पडतो का? यूपीएससी-एमपीएससीच्या उमेदवारांसाठी

आमच्या अभ्यासिकेत सकाळी आठला कोणी ‘पेपर झाला का?’ असं विचारलं की नवा मुलगा दचकतो. आपली परीक्षा चुकली की काय, असं त्याला वाटतं. विचारणाऱ्याला फक्त वर्तमानपत्र मोकळं झालंय का, एवढंच हवं असतं. या लेखात पेपर म्हणजे वर्तमानपत्रच. परीक्षेतल्या पेपरला प्रश्नपत्रिका म्हणू, म्हणजे घोळ नको.

मी तयारीला पुण्यात आलो तेव्हा पहिलं दीड वर्ष रोज तीन पेपर वाचायचो. त्यात अडीच-तीन तास जायचे. वर कात्रणं कापून वहीत डिंकाने चिकटवायचो. अशा सात वह्या झाल्या होत्या. पूर्वपरीक्षेच्या आधी महिनाभर त्या उघडल्या, तर निम्मी पानं एकमेकांना चिकटलेली आणि सगळा मजकूर तारखेप्रमाणे लावलेला. महागाईवरचं कात्रण मार्चच्या वहीत आहे की ऑगस्टच्या, हे शोधण्यातच दुपार गेली. खोली सोडताना त्या वह्या रद्दीत दिल्या. डिंक लागलेल्या कागदाला भाव कमी मिळतो, हे तेव्हा कळलं.

पुढे मुलांना शिकवताना एक गोष्ट पक्की लक्षात आली. समोरची बातमी कोणत्या प्रश्नाखाली जाईल हे ज्याला आधीच ठाऊक असतं, त्याचा पेपर तासाभरात होतो. ज्याला ते ठाऊक नसतं, त्याला दिवसही पुरत नाही.

पेपर उघडण्याआधीचे चार दिवस

आयोगाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम आणि मागच्या आठ-दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. फुकट मिळतात. अभ्यासक्रमाची प्रिंट काढून टेबलासमोर लावा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिका असतात. पहिलीत वारसा, इतिहास, भूगोल आणि समाज. दुसरीत राज्यघटना, शासनव्यवहार, सामाजिक न्याय आणि आंतरराष्ट्रीय संबंध. तिसरीत अर्थव्यवस्था, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, अंतर्गत सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापन. चौथीत नीतिशास्त्र. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून याच धर्तीवर वर्णनात्मक झाल्यामुळे ‘मी फक्त एमपीएससी करतोय, मला एवढं कशाला’ ही पळवाट आता उरलेली नाही.

मग चार दिवस फक्त जुने प्रश्न वाचा. उत्तरं शोधू नका. बातमीची तारीख क्वचितच विचारली जाते, हे दुसऱ्याच दिवशी लक्षात येईल. बातमीत आलेली संस्था कोणत्या कायद्याने स्थापन झाली, तिचे अधिकार काय, अमुक विधान बरोबर की चूक, असे प्रश्न असतात. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न 200 गुणांना असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. एमपीएससीत एक चतुर्थांश. अर्धवट आठवणारी बातमी इथे महागात पडते. ‘हे कुठेतरी वाचलंय’ असं वाटून गोल काळा केला की बहुधा गुण जातात.

राज्यघटना आणि अर्थशास्त्राची पायाभूत पुस्तकं अजून वाचून झाली नसतील, तर पहिले दोन-तीन महिने पेपरला वीस मिनिटांवर देऊ नका. महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांतला फरक माहीत नसताना अर्थसंकल्पावरचा लेख वाचला, तर हाती फक्त आकडे लागतात, आणि ते आठवड्यात विसरतात.

कोणता पेपर घ्यायचा

या प्रश्नावर अभ्यासिकांत जेवढा वेळ जातो, तेवढा वेळ खरंतर एक पेपर वाचून काढायला पुरेसा आहे. मराठीत ‘लोकसत्ता’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘सकाळ’, ‘लोकमत’ यांपैकी एक. संपादकीय पान ज्याचं आवडेल तो. इंग्रजीत ‘द हिंदू’ किंवा ‘इंडियन एक्स्प्रेस’. फक्त राज्यसेवा करत असाल तर मराठी पेपर मुख्य ठेवा. यूपीएससी मराठी माध्यमातून देत असाल तर एक इंग्रजी पेपर पूर्ण आणि मराठी पेपरचं संपादकीय पान, एवढी जोडी पुरे. तिसरा पेपर घेतला की तीच बातमी तिसऱ्यांदा वाचली जाते आणि अभ्यास झाल्याचं खोटं समाधान मिळतं.

मराठीतून उत्तरं लिहिणाऱ्यांनी एक छोटी वही शब्दांसाठी ठेवावीच. डाव्या बाजूला इंग्रजी पेपरातला शब्द, उजवीकडे उत्तरात लिहायचा मराठी शब्द. करंट अकाउंट डेफिसिट म्हणजे चालू खात्यावरील तूट, ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन. मुख्य परीक्षेत 250 शब्दांचं उत्तर लिहिताना हा शब्द आठवायला अर्धा मिनिट गेला, तरी वीस प्रश्नांत दहा मिनिटं जातात.

त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर पेपरांच्या चुकाही लिहून ठेवा. गंमत वाटेल, पण हे फार उपयोगी पडतं. शासन निर्णय निघाला की बातमीत सर्रास ‘सरकारने अध्यादेश काढला’ असं छापून येतं. शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा प्रशासकीय आदेश. विभागाचा उपसचिवही त्यावर सही करतो. अध्यादेश काढतात राज्यपाल, अनुच्छेद 213 खाली, विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना. त्याला कायद्याचं बळ असतं आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. केंद्रात हाच अधिकार अनुच्छेद 123 खाली राष्ट्रपतींना आहे. पेपरच्या भाषेवर विसंबून उत्तर लिहिलं तर या दोन गोष्टी एक होतात आणि तपासणारा तिथेच थांबतो.

विधेयकांच्या आकड्यांचंही तसंच. महिला आरक्षणाचं विधेयक सप्टेंबर 2023 मध्ये 128वं घटनादुरुस्ती विधेयक म्हणून आलं आणि मंजूर होऊन 106वी घटनादुरुस्ती झालं. जीएसटीचं विधेयक 122वं होतं, दुरुस्ती 101वी. बातमी विधेयकाच्या दिवशी मोठी येते, म्हणून डोक्यात विधेयकाचा आकडा बसतो. तसंच ‘मंत्रिमंडळाची मंजुरी’ म्हणजे कायदा झाला, असं समजून नोट्समध्ये लिहू नका.

प्रत्यक्ष वाचन: घड्याळ लावून

एक तास. सुरुवातीला सव्वा तास लागेल, चालेल. दीड तास झाला तर पेपर मिटून ठेवा, उरलं तर उरलं.

पहिली दहा मिनिटं वाचायचं नाही, फक्त खुणा करायच्या. पेन्सिल घेऊन सगळी पानं उलटा आणि अभ्यासक्रमाशी नातं दिसेल त्या बातमीला टिंब द्या. साधारण आठ ते बारा टिंबं होतात. पंचवीस झाली तर हात सैल सुटलाय. नंतरची पस्तीस मिनिटं फक्त टिंबांसाठी. शेवटची पंधरा लिहायला.

अपघात, गुन्हे, सिनेमा, सामन्यांचं वर्णन, वाढदिवसांच्या जाहिराती सोडा. खेळांत मोठ्या स्पर्धेचे विजेते आणि मानाचे पुरस्कार एवढं एमपीएससीसाठी टिपा. राजकारणाच्या बातम्या मात्र सरसकट सोडता येत नाहीत आणि आपली मराठी मुलं नेमकी तिथेच वाहून जातात. कोण कोणाला काय म्हणालं, हे टपरीवर चहा घेताना आपोआप कळतं, त्यासाठी पेपर नको. पण 2022 पासून महाराष्ट्रात जे पक्षफुटीचं प्रकरण चाललं, त्यात दुसऱ्या प्रश्नपत्रिकेचा अर्धा धडा होता. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची 1985 च्या 52व्या घटनादुरुस्तीने आली. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेलं संरक्षण 2003 च्या 91व्या दुरुस्तीने काढलं. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. बहुमत चाचणी बोलावण्याच्या राज्यपालांच्या निर्णयावरही न्यायालय बोललं. त्या वर्षभरात रोज तासभर राजकीय बातम्या वाचणाऱ्या कितीतरी मुलांना ‘प्रतोद कोण नेमतो’ हे सांगता आलं नाही. वाटाघाटी कुठल्या हॉटेलात झाल्या, ते मात्र तोंडपाठ होतं.

टिंब दिलेली बातमी वाचताना तिला काही ठरावीक प्रश्न विचारायचे. निर्णय कोणी घेतला? कोणत्या कायद्याने किंवा अनुच्छेदाने? आताच का? विरोध कोणाचा आणि कशावर? यापूर्वी असं कधी झालं होतं? सगळ्यांची उत्तरं बातमीत नसतात. जे नसेल ते पाठ्यपुस्तकात शोधायचं. पेपर आणि पुस्तक जोडलं जातं ते इथे.

एक बातमी, सगळी सोलून

11 जुलै 2025 ला पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या 47व्या अधिवेशनात ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ यादीत आला. दुसऱ्या दिवशी सगळ्या मराठी पेपरांत हीच मोठी बातमी होती. आनंद झाला, स्टेटस ठेवून झाले. आता उमेदवार म्हणून वाचू.

एकूण 12 किल्ले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. अकरा महाराष्ट्रात, जिंजी तमिळनाडूत. ‘सर्व किल्ले महाराष्ट्रात आहेत’ हे पूर्वपरीक्षेतलं चुकीचं विधान आत्ताच तयार झालं. पुढचा प्रश्न ताब्याचा. आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. दुसरं चुकीचं विधान मिळालं. मग प्रकार. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग बेटांवरचे, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, प्रतापगड जंगलातल्या डोंगरावरचा, पन्हाळा पठारावरचा आणि बाकीचे गिरिदुर्ग. जोड्या लावायला यापेक्षा चांगला मजकूर शोधून सापडणार नाही.

आता पुस्तकाकडे. जागतिक वारसा करार 1972 चा, भारताने त्याला 1977 मध्ये मान्यता दिली, आणि अजिंठा, वेरूळ, ताजमहाल व आग्र्याचा किल्ला 1983 मध्ये यादीत आले. महाराष्ट्रातली नंतरची नावं: घारापुरी 1987, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004, पश्चिम घाट 2012, मुंबईतला व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह 2018. यांतला पश्चिम घाट नैसर्गिक वारसा आहे आणि त्याच्या 39 भागांपैकी चार महाराष्ट्रात: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. किल्ल्यांच्या बातमीतून आपण पर्यावरणात पोचलो.

आणि जिंजी का? इथे इतिहास. शिवाजी महाराजांनी 1677 च्या दक्षिण स्वारीत तो घेतला, आणि पुढे छत्रपती राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्याला तोंड देत 1698 पर्यंत तिथून राज्य चालवलं. मुख्य परीक्षेसाठी एवढा एक मुद्दा पुरेसा आहे: मराठ्यांचं लष्करी तंत्र भूगोलावर कसं उभं होतं.

हे सगळं टिपायला वहीचं अर्धं पान लागतं. वरती विषय लिहायचा ‘वारसा स्थळं’. तारीख कोपऱ्यात बारीक.

लांबलेली बातमी: कांद्याचं पान

किल्ल्यांची बातमी एका दिवसात संपते. कांद्याची संपत नाही, आणि मुख्य परीक्षेत अशाच बातम्या कामाला येतात.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबरमध्ये थेट बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून तेही हटलं. वीस महिन्यांत सहा निर्णय झाले. प्रत्येक वेळी लासलगावला लिलाव बंद पडल्याची किंवा भाव वर-खाली झाल्याची वेगळी बातमी आली. तारखेप्रमाणे नोट्स काढणाऱ्याकडे याचे सहा तुकडे सहा ठिकाणी असतात.

त्याऐवजी सुट्या पानांची फाइल घ्या आणि ‘शेतमाल निर्यात धोरण: कांदा’ असं एक पान करा. डाव्या बाजूला वरचे निर्णय, एकाला एक ओळ. उजवीकडे कारणं: खरीप, लेट खरीप आणि उन्हाळ अशी तीन पिकं, त्यातला फक्त उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, त्यामुळे नवा खरीप बाजारात येईपर्यंत टंचाई. खाली दोन बाजू. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा हवा, शेतकऱ्याला भाव हवा, आणि परदेशी खरेदीदार सारखे नियम बदलणाऱ्या देशाकडून माल घ्यायला कचरतो. मग उपाय: साठवणूक, प्रक्रिया, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांची राखीव साठ्यासाठी खरेदी, किंमत स्थिरीकरण निधी. नवी बातमी आली की त्याच पानावर एक ओळ वाढते. वर्षाअखेरीस त्या पानावरून 250 शब्दांचं उत्तर थेट लिहिता येतं.

अशी पंचवीस-तीस पानं पुरतात. राज्यपालांचे अधिकार, मराठा आरक्षण आणि 50 टक्क्यांची मर्यादा, पतधोरण, नदीजोड, भारत-चीन सीमा, शहरी पूर वगैरे. पान कशाचं करायचं, हे जुन्या प्रश्नपत्रिकाच सांगतात.

आकडे आणि योजनांचे निकष पेपरातून पक्के करू नका. दोन पेपरांत दोन आकडे असतात. केंद्राची योजना असेल तर पत्र सूचना कार्यालयाचं पत्रक पाहा, ते मराठीतही येतं. राज्याचं असेल तर शासन निर्णय, आणि राज्याच्या आकडेवारीसाठी अर्थसंकल्पाच्या आधी येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. ती एकदा नीट वाचली की वर्षभराच्या कितीतरी किरकोळ बातम्या टिपायची गरज उरत नाही.

अग्रलेखाचं काय करायचं

अग्रलेख मत शिकायला वाचू नये, मांडणी शिकायला वाचावा. चांगला अग्रलेख वाचून झाल्यावर पेपर मिटा आणि दोन ओळी लिहा: लेखकाचं म्हणणं काय आणि त्याचा सर्वांत कच्चा मुद्दा कोणता. दुसरी ओळ जमत नसेल तर लेखाने तुम्हाला वाहवत नेलंय. आपल्याकडच्या काही अग्रलेखांची भाषा इतकी खुसखुशीत असते की मुलं तीच उत्तरात उतरवतात. टोमणे, कोट्या, उपरोध सगळं येतं. परीक्षेच्या उत्तरात ते चालत नाही. तिथे मुद्दा, आधार आणि समतोल लागतो.

आठवड्यातून तीनदा तरी त्या दिवसाच्या विषयावर 150 शब्दांचं उत्तर सात-आठ मिनिटांत लिहा. घड्याळ समोर ठेवून. हे न करता वर्षभर पेपर वाचणारे मी खूप पाहिलेत. गप्पांत त्यांच्याशी कोणी जिंकू शकत नाही.

खाडे, रविवार आणि परीक्षेआधीचे महिने

लग्न, दुखणं, गावची जत्रा, काहीतरी होतं आणि चार पेपर साचतात. मग ते कॉटखाली जातात आणि रोज झोपताना आठवतात. सरळ नियम करा: तीन दिवसांपेक्षा जुन्या अंकाचं फक्त संपादकीय पान पाहायचं आणि तो रद्दीत टाकायचा. सुटलेलं महिन्याच्या संकलनात मिळतं. संकलन कोणतंही घ्या, पण एकच.

नोकरी करणाऱ्यांनी, किंवा जिथे पेपर दुपारच्या एसटीने येतो अशा गावातल्यांनी ई-पेपर वापरायला हरकत नाही. फक्त पूर्ण पानाचा वाचा. मोबाइलवर सुट्या बातम्या वाचायला लागलात की एकातून दुसरीत, दुसरीतून व्हिडिओत, आणि तास कुठे गेला ते कळत नाही. एसटीत किंवा भाकरी थापताना आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्या तरी निम्मी टिंबं आधीच लागलेली असतात.

रविवारी पेपर कमी आणि फाइल जास्त. आठवड्यात भर पडलेली पानं वाचा आणि नकाशा काढा. बातमीत आलेली सामुद्रधुनी, व्याघ्र प्रकल्प, सीमेवरचं गाव, जे असेल ते बोटाने शोधून त्यावर पेन्सिलने नाव लिहा. पूर्वपरीक्षेच्या आधी साधारण दीड वर्षाचं साहित्य हाताशी हवं. शेवटच्या दोन महिन्यांत पेपर अर्ध्या तासावर आणा, नवीन पान करणं थांबवा आणि जुनी पानं फिरवा.

मुलाखत आली की पानं बदलतात

मुख्य परीक्षा झाल्यावर वर्षभर सोडलेलं पान उघडायची वेळ येते: जिल्ह्याचं. अर्जात भरलेला जिल्हा, तालुका, शिक्षण, छंद यांवरून प्रश्न निघतात. सोलापूरच्या उमेदवाराला चादरी आणि डाळिंबाच्या पुढे जाऊन उजनीचं पाणी माहीत हवं. गडचिरोलीच्या उमेदवाराला लोहखनिजाच्या खाणी आणि ग्रामसभा या दोन्हींवर शांतपणे बोलता यायला हवं. स्थानिक आवृत्ती ऑनलाइन मिळते. महिन्याभराचे अंक एका बैठकीत चाळा आणि जिल्ह्याचे पाच प्रश्न काढा. तिथल्या जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून प्रत्येकाचं उत्तर मोठ्याने बोलून पाहा. घरच्यांपैकी कोणाला तरी समोर बसवा आणि मध्येच तोडायला सांगा. नाशिकच्या मुलींनी कांद्याचं पान बरोबर न्यायला विसरू नये.